यंत्रांचा वाजिब-उल-अर्ज

भाद्रपद उतरणीला लागला म्हणजे सानगडीच्या बांध्यांमधला धान गर्भात येतो, आणि बहुधा त्याच पंधरवड्यात दूर अमेरिकेत नव्या भ्रमणध्वनीच्या प्रकाशनाचा सोहळा होतो. पुढे धान कापून त्याचे पुंजणे रचले जाईपर्यंत, दिवाळी होऊन गावोगावच्या मंडया भरेपर्यंत आणि झाडीपट्टीच्या नाटकांची हाक देत फिरणाऱ्या गाड्या रस्त्याला लागेपर्यंत त्या सोहळ्याचे पडसाद साकोलीच्या दुकानांच्या पाट्यांवर उमटतात. गतवर्षी ज्या वस्तूपुढे मानवी बुद्धीला अधिक काही साधणे अशक्य आहे असे आपल्याला सांगण्यात आले होते, तीच वस्तू यंदा घटलेल्या किमतीची चिठ्ठी लावून काचेच्या कपाटात खालच्या फळीवर बसलेली दिसते. एकाच ऋतूत येणाऱ्या या दोन नवलाईंचा विचार मी पुष्कळ दिवस करीत आलो आहे, आणि जितका विचार करावा तितके त्यांच्यातले अंतर मला वाढतच गेलेले दिसते.

नवा धान घरात आला म्हणून गतवर्षीचा तांदूळ हलका ठरत नाही. उलट आमच्या भागातल्या कोणत्याही गृहिणीला विचारले तर ती सांगेल की वर्षभर मुरलेला तांदूळ अधिक पाणी पितो, अधिक फुलतो, त्याचा भात मोकळा होतो. नव्या तांदळाचा भात मात्र गिचका होतो, म्हणून पाहुण्यांच्या पंगतीला जुनाच काढावा. व्यापाऱ्याच्या तराजूलाही हे ठाऊक असते, आणि जुन्या तांदळाचा भाव तो नव्यापेक्षा चढाच लावतो. काळाचे जाणे हीच येथे गुणवृद्धी असते. यंत्राच्या बाबतीत मात्र एकही सुटा भाग झिजलेला नसताना, एकही कळ बिघडलेली नसताना, केवळ एक संवत्सर उलटले एवढ्याच सबबीवर त्याचे मोल ओसरते, आणि दोन-चार संवत्सरे उलटल्यावर तर त्याचा उपयोगही संपुष्टात येतो. हा निसर्गक्रम नव्हे. कोणीतरी, कोठेतरी बसून, हे ठरवलेले असते. आणि ज्याच्या पैशाने ती वस्तू विकत घेतलेली असते त्याला त्या निर्णयात विचारण्यात आलेले नसते.

मी यंत्राचा वैरी नाही, हे येथेच नमूद करून ठेवतो. पोटापाण्यासाठी नागपूर-पुण्याकडे गेलेल्या मुलाचा चेहरा सानगडीतल्या म्हाताऱ्या आईला रोज संध्याकाळी दिसतो, धानाचा भाव आणि पावसाचा अंदाज शेताच्या धुऱ्यावर उभे राहून कळतो, रात्री-अपरात्री विंचू चावलेल्या पोरासाठी वाहन बोलावता येते, हे सारे ज्या उपकरणाने साधले त्याच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. आणि म्हणूनच त्याच्या अकाली मरणाचे मला दुःख होते.

माझ्याजवळ जो फोन होता त्याचा पडदा अभंग होता, आवाज स्वच्छ येत होता आणि माझ्या सर्व गरजा तो निमूटपणे भागवीत होता. एका रात्री त्याने आतल्या प्रणालीचे नवे संस्करण आपण होऊन उतरवून घेतले, आणि त्या दिवसापासून त्याची गती मंदावत गेली. बॅटरी दुपारपर्यंतही टिकेना. कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्राने त्या नमुन्याचे भाग येणे बंद झाल्याचे सांगितले आणि जुना देऊन नवा घेतल्यास मिळणाऱ्या सवलतीचा कागद हाती ठेवला. अखेर साकोलीत मोबाईल दुरुस्तीचे छोटेसे दुकान चालवणाऱ्या एका तरुणाकडे गेलो. त्याने गरम हवेने पाठीमागचे आवरण सैल करून आत पाहिले आणि म्हटले, "गुरुजी, हा काही खराब नाही झाला. बॅटरी गमानं चिकटवून देल्ली आहे, अन् तशी बॅटरी आता वरूनच येत नाही. डुप्लिकेट टाकली त ते फुगते. फोल्डर, म्हंजे काचेसकट पडदा, तोही याचा भेटत नाही. नवाच घेऊन टाका, गुरुजी." ज्याची उपजीविकाच दुरुस्तीवर चालते असा माणूस, पुढ्यात आलेले काम आणि त्याची मजुरी परत लावून, नवी वस्तू घेण्याचा सल्ला देतो, तेव्हा त्याच्या हातातले कसब कोणीतरी हिरावून घेतलेले असते. त्या मुलाच्या चेहऱ्यावरचा संकोच मला माझ्या नुकसानीपेक्षा अधिक जिव्हारी लागला.

पूर्वी वस्तूचे आयुष्य डोळ्यांना आणि हातांना कळत असे. नांगराचा फाळ झिजला, मोटेचे चामडे विरले, पितळी गुंडाचे बूड पातळ झाले, हे वापरणाऱ्यास आधीच दिसे आणि तो तजवीज करी. आता वस्तू धडधाकट असते आणि तिच्या मरणाचा हुकूम मात्र दूरच्या दफ्तरातून सुटतो. नव्या उपकरणांची हौस श्रीमंतांनी खुशाल करावी, सामान्य माणसाने तिच्यामागे धावू नये, असा उपदेश अनेक सज्जन करतात, आणि तो ऐकताना मला वाटते की या सज्जनांना खेड्यातली परिस्थिती ठाऊक नसावी. कारण हौसेचा प्रश्न केव्हाच मागे पडला असून आता हा सक्तीचा प्रश्न झालेला आहे.

याचा सर्वांत बोलका पुरावा आपल्या राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी दिला. पोषण अभियानाच्या नोंदींसाठी शासनाने २०१९ मध्ये त्यांना मोबाईल फोन दिले. पुढे नोंदींची आधीची प्रणाली जाऊन २०२१ च्या मार्चमध्ये 'पोषण ट्रॅकर' हे नवे ॲप आले. हातातल्या फोनची स्मरणक्षमता अवघी दोन जीबी; नव्या ॲपचा भार तिला पेलेना. फोन तापू लागले, मध्येच थांबू लागले, भरलेली माहिती नाहीशी होऊ लागली. हमीची मुदत सरलेली असल्याने दुरुस्तीचा खर्च तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या त्या बायांच्याच अंगावर पडू लागला. त्यात ॲपची भाषा इंग्रजी. तेव्हा त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये राज्यभरातील सेविकांनी ते फोन एकत्र करून आपापल्या प्रकल्प कार्यालयांत परत नेऊन दिले. बालकांची वजने कागदी रजिस्टरात लिहिण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता आणि तो त्यांनी पतकरला. ज्या वस्तूवर कोट्यवधींचा सार्वजनिक पैसा खर्ची पडला, ती दोन वर्षांत निरुपयोगी ठरली, आणि ती ठरवली तिच्यातल्या कोणत्याही बिघाडाने नव्हे तर बाहेरून लादल्या गेलेल्या नव्या भाराने. भारतातल्या ग्राहकांच्या लढ्यांचा इतिहास कोणी लिहील तर त्यात या मोबाईल वापसीला मानाचे पान मिळाले पाहिजे, असे माझे मत आहे.

शेतकऱ्याची गोष्ट यापेक्षा निराळी नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. तलाठ्याने लिहावयाची पिकाची नोंद आता खातेदाराने स्वतः शेतात उभे राहून, उपग्रहाच्या साक्षीने छायाचित्र काढून करावयाची. कल्पना म्हणून ती चांगली आहे, रयतेच्या हाती तिच्याच सातबाऱ्याची लेखणी देणारी आहे. परंतु त्या नोंदीशिवाय आधारभूत केंद्रावर धान विकताना अडते, अनुदानाच्या अर्जात अडते, नुकसानभरपाईत अडते. आणि ॲपची नवी आवृत्ती आली की जुन्या फोनवर ते चालेलच याची शाश्वती नाही. मग दीड-दोन एकर बांधीचा धनी, ज्याचे धानाचे चुकारे अजून यावयाचे आहेत असा माणूस, किस्तीवर नवा फोन घेतो. दोन वर्षांनी किस्ती फिटतात न फिटतात तोच फोनची मुदत भरते. व्हॉट्सॲप ठराविक काळाने जुन्या प्रणालींवरची आपली सेवा थांबवते; मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नित्याचा सांभाळ थांबवला, आणि तिची उत्तराधिकारी प्रणाली असंख्य जुन्या संगणकांना स्वीकारीतच नाही, कारण त्यांत तिला हवी असलेली सुरक्षेची चिप नाही. ज्यांचे कळफलक शाबूत आहेत, ज्यांच्या पडद्यांवर मुले अजून अक्षरे गिरवू शकतात, असे शाळांतले आणि ग्रामपंचायतींतले संगणक अशा रीतीने धोकादायक ठरून अडगळीत जातात.

हे सर्व आपल्याच काळात उपजले असे समजण्याचे कारण नाही. १९२४ च्या डिसेंबरात जिनीव्हा येथे जगातल्या प्रमुख दिवेवाल्या कंपन्यांनी 'फीबस' नावाची संयुक्त यंत्रणा उभी केली आणि विजेच्या दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर आणून ठेवले. त्याआधी दीड-दोन हजार तास जळणारे दिवे सर्रास बनत होते. ज्या कारखान्याचा दिवा ठरल्याहून अधिक काळ जळे त्यास दंड भरावा लागे. दिव्याच्या अभ्यासात विद्वत्ता खर्ची पडत होती ती तो लवकर विझावा म्हणून! दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर ती यंत्रणा मोडली, पण तिने घालून दिलेला धडा मोडला नाही. त्याच १९२० च्या दशकात अमेरिकेत हेन्री फोर्ड यांची मॉडेल टी ही मोटार, जी १९०८ पासून १९२७ पर्यंत जवळजवळ एकाच स्वरूपात निघत राहिली आणि दीड कोटींच्या घरात खपली, तिला मागे टाकण्यासाठी जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांनी दरसाल नवा नमुना काढण्याची रीत पाडली. मोटार तीच धावत राहावी, पण शेजाऱ्याच्या नव्या मोटारीशेजारी ती जुनी दिसावी, एवढे पुरे होते. आणि १९३२ साली, महामंदीच्या ऐन अंधारात, न्यूयॉर्कच्या बर्नार्ड लंडन नावाच्या गृहस्थांनी एक छोटी पुस्तिका लिहून असे सुचवले की सरकारने प्रत्येक वस्तूचे आयुष्य कायद्याने ठरवून द्यावे, ती मुदत संपताच वस्तू मृत मानावी आणि जो कोणी ती पुढे वापरील त्याच्याकडून कर वसूल करावा. सरकारांनी ते मानले नाही. परंतु त्या सूचनेत निदान एक उघडेपणा होता: मुदत जाहीर असणार होती. आता तोही उरलेला नाही. २०१७ च्या डिसेंबरात ॲपल कंपनीला मान्य करावे लागले की जुन्या बॅटरीच्या आयफोनांची गती तिने नव्या संस्करणातून कमी केली होती. फोन अचानक बंद पडू नये यासाठी ते केले, असे तिचे म्हणणे होते, पण ते ग्राहकाला सांगितले गेले नव्हते, आणि याच मुद्द्यावर २०२० मध्ये फ्रान्सने तिला अडीच कोटी युरोंचा दंड केला. केवळ बॅटरी बदलली असती तर जो फोन पुन्हा पूर्ववत धावला असता, तो म्हातारा झाला असे समजून किती माणसांनी नवा घेतला असेल!

येथे मला आमच्या जुन्या मध्यप्रांताच्या महसुली दफ्तरातला एक दस्तऐवज आठवतो. बंदोबस्ताच्या वेळी गावोगाव 'निस्तार पत्रक' आणि 'वाजिब-उल-अर्ज' असे दोन कागद तयार होत. सरकारी पडीत जमिनीवर गुरे चारणे, जळण आणणे, माती काढणे, या गावकऱ्यांच्या हक्कांची नोंद पहिल्यात असे. दुसरा मला अधिक महत्त्वाचा वाटतो: जी जमीन किंवा जे पाणी दुसऱ्याच्या मालकीचे आहे त्यातही गावकऱ्यांची वहिवाट काय, पाणी कोणी कोणत्या क्रमाने घ्यावे, वाट कोठून जावी, मासे कोणी धरावेत, हे त्यात लिहिलेले असे. मालकी एकाची, पण तिच्यात दुसऱ्याचा पिढीजात वापर आहे, आणि तो वापर मालकाच्या मर्जीवर सोडता कामा नये, हे त्या कागदाचे तत्त्व होते. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनेही या दोन्ही कागदांना जागा दिलेली आहे.

आपल्या हातातल्या यंत्राचे स्वरूप नेमके असेच आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. फोनची काच, धातू, बॅटरी ही आपली. त्यांची पावती आपल्या नावाची. पण ज्या प्रणालीवाचून ती काच मुकी आहे ती आपल्याला विकलेली नसते. तिचा केवळ परवाना दिलेला असतो, आणि त्या परवान्याच्या शर्ती वाचणारा मनुष्य मला अजून भेटावयाचा आहे. एका वस्तूत दोन मालक नांदत असतात. एकाने पैसे दिलेले असतात आणि दुसऱ्याच्या हाती कुलपाची किल्ली असते. प्रणालीची राखण किती वर्षे चालेल, सुटे भाग कोठवर मिळतील, तिऱ्हाइताने बसवलेला पडदा यंत्र मानील की नाही, हे सर्व दुसरा ठरवतो, आणि पहिल्याची वहिवाट कोठेही लिहिलेली नसते. कूळ बेदखल होत असे तेव्हा निदान त्याला नोटीस मिळत असे.

वस्तू टिकते ती केवळ मालाच्या मजबुतीने टिकते, हाही एक भ्रम आहे, आणि तो घालवण्यासाठी आमच्या भागातल्या तलावांकडे पाहावे. सानगडीजवळच्या सहानगडाच्या टेकडीच्या परिसरात काय, नवेगावबांधाकडे काय, जिकडे जावे तिकडे या मुलखात तलाव, बोड्या आणि त्यांच्या मातीच्या पाळी भेटतात. कोहळी समाजाच्या तलाव बांधणाऱ्या माणसांनी उताराचा, मातीचा आणि पाण्याच्या ओढीचा अंदाज केवळ नजरेने बांधून त्या उभ्या केल्या. मातीची पाळ ही काही पोलादी वस्तू नव्हे. एका पावसाळ्यात घूस पोखरते, एका पुरात सांडवा खचतो. तरीही त्या शतकानुशतके उभ्या राहिल्या, कारण ज्याच्या बांधीला पाणी मिळे त्याने उन्हाळ्यात पाळीवर माती टाकावी, पाट साफ करावेत, अशी रीत होती. दुरुस्तीचा हक्क आणि दुरुस्तीचे कर्तव्य वापरणाऱ्याच्याच घरी राहत होते. १९५१ मध्ये मालगुजारी ही जुनी जमीनदारी गेली, ती जाणे न्याय्यच होते. परंतु तिच्याबरोबर तलाव सरकारजमा झाले, पाळीवर कोणी माती टाकावी याचा निर्णय कचेऱ्यांत गेला, आणि माजी मालगुजारी तलाव या नव्या नावाखाली कित्येक तलाव गाळाने भरत गेले. तीच माती, तेच पाणी. वापरणाऱ्याचा हात मात्र निघाला.

आता दुसरी एक हकीकत, जी मला या सर्व विषयाचे मर्म वाटते. बेंगळुरूला १९६१ पासून एच्.एम्.टी. या सरकारी कारखान्यात मनगटी घड्याळे होऊ लागली. शिक्षकाच्या पहिल्या पगारात, मुलीच्या लग्नात जावयाला, निवृत्तीच्या समारंभात, जिकडे तिकडे तेच घड्याळ असे. रोज सकाळी चावी द्यावी, काही वर्षांनी घड्याळजीकडे नेऊन साफ करून तेल घालून आणावे, पट्टा बदलावा, काच बदलावी. बापाचे घड्याळ मुलाच्या मनगटावर सहज येई. १९८३ साली आमच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड या गावी, अत्यल्प शिक्षण आणि त्याहून अल्प शेती असलेल्या दादाजी खोब्रागडे यांना आपल्या बांधीतल्या 'पटेल ३' या वाणाच्या धानात काही लोंब्या निराळ्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षे निवड करीत गेले आणि बारीक, चवदार, भरघोस उतारा देणारा एक वाण सिद्ध केला. तो बाजारात आला तेव्हा त्याला नाव हवे होते. त्या काळी सर्वांत लोकप्रिय असलेल्या घड्याळाचे नाव व्यापाऱ्याने त्याला दिले. अशा रीतीने एच्.एम्.टी. हा तांदूळ जन्मास आला, आणि आज पूर्व विदर्भात लग्नाच्या पंगतीपासून रोजच्या ताटापर्यंत तो पोचलेला आहे.

२०१६ मध्ये घड्याळांचा कारखाना बंद झाला. तांदूळ मात्र राहिला, कारण त्याचे बीज शेतकऱ्याच्या ढोलीत होते. निवडलेले बीज पुढच्या मृगासाठी राखून ठेवावे, शेजाऱ्याला पायलीभर द्यावे, सोयऱ्याच्या गावी पाठवावे, यासाठी कोणाची परवानगी लागत नव्हती. कोणतीही कंपनी दूर बसून यंदापासून हे बीज उगवू नये असे ठरवू शकत नव्हती. संकरित धानाचे तसे नसते. त्याचे बियाणे दरसाल दुकानातूनच आणावे लागते, आणि शेतात उभे असलेले पीक पुढच्या पेरणीच्या कामाचे राहत नाही. शेतकऱ्याला हा भेद नीट ठाऊक आहे. म्हणून फोनच्या वार्षिक नमुन्यांविषयी त्याच्याशी बोलताना मला काही समजावून सांगावे लागत नाही.

या हकीकतीची दुसरी बाजू लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. दादाजींचे बीज हातोहात पसरले, हजारो घरांत समृद्धी घेऊन गेले, पण दादाजींच्या घरी त्यातले फार थोडे आले. गौरव झाले, पुरस्कार मिळाले. दारिद्र्य सुटले नाही. ३ जून २०१८ रोजी ते वारले. टिकाऊ वस्तू निर्माण करणाऱ्याने जगावे कसे, हा प्रश्न त्यांच्या आयुष्याने आपल्यापुढे टाकलेला आहे, आणि कारखानदारही तोच प्रश्न विचारतात: वस्तू वीस वर्षे टिकली तर कामगारांनी पुढची एकोणीस वर्षे काय करावे? मी या प्रश्नाची टाळाटाळ करणार नाही. निर्मात्याला त्याच्या कष्टाचे मोल मिळालेच पाहिजे, आणि दादाजींच्या बाबतीत समाज त्यात सपशेल कमी पडला. परंतु नवी वस्तू करणे हेच काय ते काम, जुनी सांभाळणे हे काम नव्हेच, असे धरून चालले तरच तो प्रश्न अवघड होतो. सुटे भाग घडवणे हे काम आहे, ते साकोलीपर्यंत पोचवणे हे काम आहे, त्या तरुणाने ते बसवणे हे काम आहे; आणि या कामाची मजुरी परदेशी न जाता तालुक्याच्या गावीच राहते. वस्तू अकाली मारून जो रोजगार उभा राहतो त्याची किंमत किस्तींच्या रूपाने दीड एकरवाला शेतकरी भरतो.

कायद्याला हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियमाच्या ३९ व्या कलमाने, वाणाची नोंदणी कोणाच्याही नावाने असो, बीज राखून ठेवण्याचा, पेरण्याचा, फिरून पेरण्याचा, देवघेवीचा आणि नाममुद्रेशिवाय विकण्याचा शेतकऱ्याचा हक्क मान्य केलेला आहे. निर्मात्याचा हक्क आणि वापरणाऱ्याची वहिवाट एकाच अधिनियमात शेजारी शेजारी लिहिता येतात, याचा हा आपल्याच देशातला दाखला. मोटारींच्या बाबतीत स्पर्धा आयोगाने २०१४ च्या ऑगस्टमध्ये चौदा कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला, तो सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देता स्वतंत्र कारागिरांना बाहेर ठेवल्याबद्दल. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून फोनचे मुख्य सुटे भाग त्या नमुन्याची विक्री थांबल्यानंतर सात वर्षे मिळालेच पाहिजेत आणि प्रणालीची अद्ययावत संस्करणे निदान पाच वर्षे दिलीच पाहिजेत, असा नियम अमलात आला. फ्रान्समध्ये २०२१ पासून काही वस्तूंवर त्यांच्या दुरुस्तीयोग्यतेचे गुण छापले जाऊ लागले. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षीच्या डिसेंबरात राष्ट्रीय ग्राहक दिनी त्यासाठीचे संकेतस्थळ उघडले, आणि पुढे फोन व अन्य उपकरणांच्या दुरुस्ती निर्देशांकाचा अहवालही २०२५ मध्ये तयार झाला. परंतु संकेतस्थळावर माहिती देणे निराळे आणि कलमाने बांधील असणे निराळे. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, तेव्हा ग्राहकाला न्याय मागण्याचे स्वतंत्र दालन असावे ही कल्पनाही अनेकांना अवास्तव वाटली असेल. बारा वर्षांनी, १९८६ मध्ये, ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत ते दालन उघडले. त्या दालनात आज सदोष वस्तूची तक्रार चालते. निर्दोष वस्तू निकामी केली गेल्याची तक्रार मांडावयाची तर तिला लागणारे कलमच अजून लिहावयाचे आहे.

ते लिहावे, एवढीच माझी मागणी आहे. प्रत्येक उपकरणाबरोबर एक वाजिब-उल-अर्ज असावा. त्यात सुटे भाग किती वर्षे मिळतील, प्रणालीची राखण कोणत्या तारखेपर्यंत होईल, बॅटरी साध्या पेचकसाने बदलता येईल की नाही आणि राखण संपल्यावर कुलूप उघडून देण्यास कंपनी बांधील आहे की नाही, हे मराठीत आणि ठळक अक्षरांत लिहिलेले असावे, आणि लिहिल्याप्रमाणे न वागणाऱ्यास भंडाऱ्याच्या जिल्हा आयोगापुढे उभे करता यावे. शासनानेही आपल्या प्रत्येक सक्तीच्या ॲपला हाच नियम लावावा: जे उपकरण रयतेच्या हाती आहे त्यावर ते चालत नसेल, तर कागदी नोंदीचा मार्ग खुला ठेवावा. आणि तोपर्यंत, वाचकहो, यंदाच्या हंगामात चुकारे हाती पडून तुमच्यापैकी कोणी साकोलीच्या किंवा आणखी कोठल्या दुकानात नवा फोन घ्यावयास गेलात, तर कॅमेऱ्याचे गुण विचारण्यापूर्वी याची बॅटरी आणि फोल्डर किती वर्षे मिळतील एवढे दुकानदाराला विचारा, आणि तो जे उत्तर देईल ते बिलावर त्याच्या सहीने लिहून घ्या.